कोल्हापुरात बसून नॅशनल लॅबसोबत काम कसं जमवायचं

पीएचडीला नवीन रजिस्टर झालेली पोरं आणि कॉलेजातले तरुण मास्तर, दोघंही एकच विचारतात, अमक्या नॅशनल लॅबशी कोलॅबरेशन करायचंय, एमओयू (सामंजस्य करार) कसा करायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे, एमओयूचं नाव सगळ्यात शेवटी काढायचं. एमओयू म्हणजे दोन शाली, दोन बुके, एक फोटो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाईलला एक कागद. त्याची गरज कधीतरी लागते, पण त्यानं काम काही सुरू होत नाही. काम सुरू होतं ते तिकडच्या एखाद्या सायंटिस्टला पडलेला प्रश्न आणि तुमच्या हातात असलेली वस्तू जुळली की. वस्तू म्हणजे सॅम्पल, डेटा, जागा, किंवा नुसते काम करणारे दोन हात. तेव्हा मागायला जाऊ नका, काहीतरी घेऊन जा, बाकी खाली जे काय लिहिलंय ते सगळं ह्याच एका गोष्टीच्या आजूबाजूला आहे.

लिहितोय मुख्यतः फिजिक्स, केमिस्ट्री आणि मटेरियलवाल्यांसाठी, कारण रोजचं काम तेच. पण बॉटनी, फूड टेक, जिऑलॉजीवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, मशीन बदलतं, माणसं आणि कागद तेच असतात.

आधी आपल्या घरात काय आहे ते बघा

नॅशनल लॅबकडं मशीन आहे, फंड आहे, तयार माणसं आहेत, मग त्यांना तुमची गरज कशाला? प्रश्न जरा लागतो पण मेल टाकायच्या आधी स्वतःला विचाराच.

आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या कॅम्पसवरचंच उदाहरण घ्या. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जिओमॅग्नेटिझम, म्हणजे नवी मुंबईतल्या पनवेलची आयआयजी, तिचं एमएफ (मध्यम फ्रिक्वेन्सीचं) रडार इथं आहे, जमिनीपासून साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजणारं. तसंच रडार त्यांनी खाली तमिळनाडूत तिरुनेलवेलीला बसवलेलं आहे. आता आयआयजीला कोल्हापूरच का लागलं? आपला तांबडा-पांढरा आवडला म्हणून नाही, आपला अक्षांश. तिरुनेलवेली पावणेनऊ अंशाच्या आसपास आणि आपण पावणेसतराच्या, दोन्हीकडचं मोजमाप शेजारी शेजारी ठेवलं की वरच्या वातावरणातल्या लाटा विषुववृत्तापासून लांब जाताना कशा बदलतात ते दिसायला लागतं. हिवाळ्यातलं कोरडं आभाळ आणि बिनचंद्राची रात्र मिळाली की एअरग्लोचे, म्हणजे वरच्या वातावरणातला मंद उजेड टिपणारे, कॅमेरेही चालतात. म्हणजे कोल्हापूरनं दिलं काय तर जागा, आभाळ आणि रोज लक्ष ठेवणारी माणसं.

हायवेनं वर कराडला गेलात तर तिथं बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे, केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो, त्या भागात धरण झाल्यानंतर भूकंप होतच राहिलेत, म्हणून तिथंच खोल भोक पाडून आत यंत्रं सोडायची आणि खडकात नक्की चाललंय काय ते बघायचं असा हा प्रोजेक्ट. पायलट बोअरहोल साधारण ३ किलोमीटर खोल गेलंय. ह्यात हैदराबादची एनजीआरआय (भूभौतिकी संशोधन संस्था) आहे, ती सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) लॅब, म्हणजे एका मंत्रालयाची लॅब आणि दुसऱ्याच खात्याची लॅब एकाच भोकावर काम करतायत. जिऑलॉजीच्या पोरांनी एवढं जवळ असलेलं दार सोडून लांब कुठंतरी अर्ज करणं मला समजत नाही.

गुळाचं बघा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि शहरातच ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय ह्या अन्न तंत्रज्ञानाच्या लॅबकडं मशिनरी तुमच्यापेक्षा शंभर पटीनं जास्त असेल, पण एकाच शेतातला, एकाच जातीचा ऊस, काहिलीतनं कुठल्या तापमानाला उतरवला, मळी काढायला भेंडी वापरली का आणखी काय टाकलं, हे सगळं लिहिलेला गुळाचा रवा त्यांना मार्केट यार्डात विकत मिळणार नाही. तो तुम्हाला मिळतो, कारण गुळव्या तुमच्या ओळखीचा आहे आणि तुम्ही रात्रभर चुलवाणापाशी वही घेऊन बसू शकता. तीच गोष्ट पंचगंगेच्या पुराची. २०१९ आणि २०२१ ला पाणी आत शिरलं तेव्हा ज्यांनी बाटल्या भरून तारीख-वेळ-जागा लिहून ठेवली असेल त्यांचं मोल कुठल्याही मशीनपेक्षा जास्त, पूर ओसरल्यावर दिल्लीवरनं टीम येऊन ते पाणी आणू शकत नाही.

आणि थिन फिल्मवाले, म्हणजे काचेवर-पत्र्यावर पदार्थाचा पातळ थर चढवणारे, तर आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. स्प्रे पायरोलिसिस, सिलार, केमिकल बाथ, इलेक्ट्रोडिपॉझिशन, असल्या पद्धतींनी कमी खर्चात ढीगभर फिल्म काढणं ही आपली ताकद आहे, पण ती ताकद ‘आम्ही फिल्म बनवतो’ एवढंच सांगितलं तर कुणाला दिसत नाही, फिल्म भारतभर सगळेच बनवतात. ‘एकाच बाथमधनं, फक्त पीएच बदलून, आठ फिल्म, प्रत्येकीची जाडी मोजलेली आणि प्रत्येकीचं एक्सआरडी झालेलं’ (एक्सआरडी म्हणजे एक्स-रेनं स्फटिकाची रचना बघणं) असं म्हणा, समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

लॅब लॅब आपापसात कशा काम करतात

हे समजून घेतलं की आपण कुठं बसतो ते कळतं. सध्या सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात उभं राहतंय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया. गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र, ४-४ किलोमीटरचे दोन हात, २०१६ ला तत्त्वतः मंजुरी आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राची पूर्ण मंजुरी, खर्च २६०० कोटींच्या घरात. ह्यात चार संस्था आहेत, पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची आयपीआर आणि अणुऊर्जा खात्याचीच बांधकामं बघणारी डीसीएसईएम. आयपीआरवाले आयुष्यभर टोकामॅकसाठी (फ्यूजनच्या यंत्रासाठी) व्हॅक्युम करत आले म्हणून एवढ्या लांबलचक नळ्यांचं व्हॅक्युम त्यांच्या गळ्यात, आरआरकॅट लेसर आणि ऑप्टिक्समधली म्हणून तो भाग त्यांचा, डेटा आणि त्यातलं विज्ञान आयुका बघते, आणि इमारत-रस्ते डीसीएसईएम. कुणी कुणाच्या कामात लुडबूड करत नाही असं मी म्हणणार नाही, एवढ्या मोठ्या कामात थोडंफार होतच असणार, पण कुठला नट कुणाचा हे कागदावर आहे. तुमच्या दोन माणसांच्या कोलॅबरेशनलाही हेच लागतं, फक्त छोट्या मापात.

जाता जाता, आयुका ज्यांनी उभी केली ते जयंत नारळीकर कोल्हापुरातच जन्मलेले, १९३८ साली. आणि आयुकाची मूळ कल्पनाच ही की प्रत्येक विद्यापीठाला दुर्बीण आणि लायब्ररी घेणं परवडत नाही तर एक जागा करू आणि तिथं सगळ्यांनी या. त्यांच्या व्हिजिटिंग असोसिएट योजनेत कॉलेजचे मास्तर बसतात, फिजिक्स आणि मॅथ्सवाल्यांनी बघून ठेवा.

दार कुठलं ठोठवायचं

सगळ्यात पहिलं दार आपल्याच कॅम्पसवर. विद्यापीठातल्या सैफ-सीएफसी ह्या सामाईक मशीनच्या केंद्रात जे होतं त्यासाठी बाहेर मेल टाकू नका. तिकडचा सायंटिस्ट पहिल्याच मेलमध्ये साधा एक्सआरडी मागणारा माणूस बघितला की ओळखतो, ह्यानं घरचा गृहपाठ केलेला नाही. देशात कुठलं मशीन कुठं आहे ते आय-स्टेम पोर्टलवर सापडतं, स्लॉटही तिथनं बुक होतात. आयआयटी मुंबईच्या सैफकडं पैसे भरून सॅम्पल पाठवता येतं. पण लक्षात घ्या, पैसे भरून मोजून घेणं म्हणजे सर्व्हिस, कोलॅबरेशन नव्हे, आणि बऱ्याचदा तुम्हाला सर्व्हिसच हवी असते, उगाच माणूस अडकवू नका.

सर्व्हिसच्या पुढं जायचं असेल तर यूजीसी-डीएई सीएसआर. ही संस्था निघाली आहेच मुळी विद्यापीठवाल्यांना अणुऊर्जा खात्याच्या मोठ्या मशीनपर्यंत पोचवायला. मुख्य सेंटर इंदूरला, शिवाय मुंबई आणि कोलकात्याला, कल्पक्कमला एक नोड. इंदूरच्या सेंटरमधनं कमी तापमानाची, मॅग्नेटिझमची मापनं होतात आणि इंडस सिंक्रोट्रॉनवरच्या (जोरदार एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरच्या) बीमलाईनही, म्हणजे तो किरण वापरून मापायच्या जागाही, मिळतात, मुंबईच्या सेंटरमधनं ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरवरचे न्यूट्रॉन. त्यांची कोलॅबरेटिव्ह रिसर्च स्कीम आहे, तिची कॉल निघाली की त्यांच्याच एका सायंटिस्टला सोबत घेऊन अर्ज करायचा. नवीन माणसासाठी हे माझ्या मते सगळ्यात सरळ दार. एक सूचना, इंदूरला सीएसआर खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात आहे आणि सिंक्रोट्रॉन आरआरकॅटमध्ये, वेगळ्याच जागी, रिक्षावाल्याला नीट सांगा.

आयन बीमनं फिल्मवर मारा करायचा असेल तर दिल्लीची आययूएसी, तिथं पेलेट्रॉन (आयन वेगानं सोडणारं यंत्र) आहे, प्रपोजल कमिटीपुढं जातं, बीमटाईम (यंत्र वापरायचा वेळ) फुकट, पण रांग असते. अणुऊर्जा खात्याच्या बीआरएनएस (संशोधनाला पैसे देणारं मंडळ) प्रोजेक्टला तर अटच आहे की खात्यातल्या एखाद्या संस्थेचा माणूस प्रिन्सिपल कोलॅबरेटर पाहिजे, म्हणजे आधी माणूस, मग फॉर्म. इस्रोचा रिस्पॉन्ड कार्यक्रम आहे, त्यांना काय हवंय त्याची यादीच ते काढतात, तुमचं काम यादीत बसतंय का बघायचं, उगाच ओढूनताणून बसवू नका. रेडिओ खगोलशास्त्रवाल्यांना खोडदचं जीएमआरटी, ४५ मीटरच्या ३० अँटेना, वर्षातनं दोनदा प्रपोजल मागवतात आणि प्रपोजल चांगलं असेल तर माणूस कोल्हापूरचा का केंब्रिजचा हे कुणी बघत नाही.

एमएस्सीच्या पोरांना आणि कॉलेजच्या मास्तरांना अजून एक, तिन्ही सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या लॅबमध्ये काढायचे. ओळख करून घ्यायला ह्याच्यासारखा मार्ग नाही. दोन महिने रोज एकत्र चहा घेतलेल्या माणसाला पुढं मेल टाकणं आणि अनोळखी माणसाला टाकणं ह्यात फरक आहेच की.

पहिला मेल

इंग्रजीतच जाणार, पण आत काय असावं ते सांगतो. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी’ असल्या मेलला उत्तर येत नाही, कारण तो एकाच दिवशी चाळीस जणांना गेलाय हे वाचणाऱ्याला कळतं. त्यापेक्षा असं काहीतरी लिहा:

‘सर, मी कोल्हापूरला निकेल-कोबाल्ट ऑक्साईडच्या फिल्म करतो. सायकलिंगनंतर कपॅसिटन्स आधी वाढतो आणि मग पडतो. एक्सआरडीत फरक दिसत नाही. निकेलची ऑक्सिडेशन स्टेट बदलत असावी असा माझा अंदाज आहे, तो एक्साफ्सनं तपासता येईल का? सायकलिंगच्या आधीची आणि नंतरची, अशी सॅम्पल तयार आहेत. सोबत एका पानाची पीडीएफ जोडली आहे. हे करण्यासारखं आहे का, आणि सॅम्पलमध्ये काय बदल करावा लागेल, एवढं कळवलंत तरी पुष्कळ.’

(सायकलिंग म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणं, एक्साफ्स म्हणजे पदार्थ एक्स-रे कसे शोषतो ते मापणं.) बघा, ह्यात काय आहे तर एक प्रश्न, एक अंदाज, वस्तू तयार आहे ही खबर, आणि समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला सोपं. पीडीएफ एका पानाचीच, दोन आकृत्या, बास. बायोडेटा मागितला तर द्या. गाईडला सीसी करा, आणि गाईडला आधी तोंडानं सांगा, नुसतं सीसीत बघून चिडणारे गाईड मला माहिती आहेत. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, त्यानंतर दुसरा माणूस बघा. लोक कामात असतात, राग नसतो.

सॅम्पल, सॅम्पल आणि सॅम्पल

इथं जरा सावकाश वाचा. बीमटाईम वाया जातो तो बहुतेक वेळा इथंच.

आपल्याकडं सुपरकपॅसिटरवाले (झटपट वीज साठवणारी साधनं करणारे) फिल्म कशावर काढतात? स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर, किंवा निकेल फोमवर. स्वस्त पडतं, इलेक्ट्रोड म्हणून थेट वापरता येतं, सगळं खरं. पण तीच फिल्म उचलून निकेलच्या के-एजवर, म्हणजे निकेल एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतो त्या ८३३३ इलेक्ट्रॉन व्होल्टवर, मापायला नेली तर काय होईल? तुमची फिल्म एखादा मायक्रॉन, एक्स-रे तिच्यातनं आरपार खाली जातो, आणि खाली ३०४ स्टील, त्यात ८ टक्क्यांच्या आसपास निकेल, १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि उरलेलं बहुतेक लोखंड. डिटेक्टरला दिसणारा निकेल हा पत्र्यातला निकेल. फोमवर तर विचारूच नका, सगळाच निकेल. फेराईटची फिल्म असेल तर लोखंडाच्या एजला, ७११२ ला, तेच रडगाणं. आणि आलेखात एक सुंदर, स्वच्छ धातूचा स्पेक्ट्रम येतो, त्यामुळं माणूस खूश होतो आणि तिथंच फसतो.

मग करायचं काय? तीच फिल्म, त्याच बाथमधनं, काचेवर किंवा एफटीओवर (वीज नेणाऱ्या टिन ऑक्साईडचा थर दिलेल्या काचेवर) काढायची आणि ती न्यायची. इलेक्ट्रोकेमिस्ट्री स्टीलवर, एक्साफ्स काचेवर. पण मग सायकलिंग झालेलं सॅम्पल काचेवर कुठनं येणार, असा खोचक प्रश्न कुणी विचारेलच आणि बरोबर विचारेल, काच करंट नेत नाही. त्याला एफटीओ चालतो, त्यात टिन आहे आणि टिनचा के-एज पार २९ हजारांच्या पुढं, तो मध्ये येत नाही. नाहीतर कार्बन पेपर घ्या. अगदीच स्टील सुटत नसेल तर प्लॅस्टिकच्या पातीनं फिल्म खरवडून पावडर करा, लोखंडी ब्लेड वापरू नका, का ते वेगळं सांगायला नको.

पावडर असेल तर ट्रान्समिशनमध्ये मापता येते. ती खलात भरपूर घोटायची, सेल्युलोज किंवा बोरॉन नायट्राईडमध्ये मिसळायची, आणि आयआरला केबीआरची पेलेट करतो त्याच डायमध्ये दाबायची. किती पावडर घ्यायची ते हिशेबानं येतं, घनता आणि कंपोझिशन टाकलं की बीमलाईनचा माणूस मिलिग्रॅम काढून देतो, तुम्हीही काढू शकता. अंदाजे टाकलं तर एकतर सिग्नल दिसत नाही नाहीतर बीमच पलीकडं पोचत नाही. सोबत रेफरन्स पाहिजेत. निकेलचा धातू-फॉईल बहुतेक बीमलाईनवर असतो पण निकेल ऑक्साईड, निकेल हायड्रॉक्साईड तुम्ही न्या, कारण ऑक्सिडेशन स्टेट बदलली म्हणायचं तर कशाच्या तुलनेत? सॅम्पल चार असतील तर रेफरन्स तीन, असा हिशेब धरा.

एक्सआरडी बीमलाईनवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपण सगळे कॉपरच्या १.५४०६ अँगस्ट्रॉमला सरावलोय, ३६ अंशाला पीक म्हटलं की लगेच नाव सांगतो. सिंक्रोट्रॉनवर तरंगलांबी वेगळी असते, तुमची ओळखीची पीक भलत्याच अंशाला दिसतात. घाबरू नका, टू-थीटा (पीकचा कोन) सोडा आणि डी-स्पेसिंगमध्ये (अणूंच्या थरांमधल्या अंतरात) बोला, आणि त्यासाठी लॅन्थॅनम हेक्साबोराईड किंवा सिरियम ऑक्साईडसारख्या स्टँडर्डचा पॅटर्न त्याच दिवशी, त्याच सेटिंगला घेतलेला आहे ना ते विचारा.

नावं. ‘एस१’, ‘एस२’, ‘एस२ नवीन’, ‘एस२ फायनल’ असली नावं तुमच्या वहीत ठेवा. बाहेर जाणाऱ्या सॅम्पलवर गट, तारीख आणि नंबर, आणि तोच नंबर एका शीटमध्ये, तिथं पुढं सगळा इतिहास. मार्कर वापरला तर इथेनॉलचा थेंब पडला की पुसला, काचेच्या मागच्या बाजूला डायमंड स्क्राईबरनं कोरा, त्यानं फिल्म कुठल्या बाजूला आहे हेही कळतं. पारदर्शक फिल्म असेल तर हे फार महत्त्वाचं. कुरिअरनं पाठवताना स्लाईड बॉक्समध्ये, सिलिका जेलसोबत, आणि वर विभागाच्या लेटरहेडवर पत्र की हे संशोधनाचे नमुने आहेत, ज्वालाग्राही नाहीत, विक्रीसाठी नाहीत. पांढऱ्या पावडरीची पुडी बिनपत्राची पाठवून बघाच, मग कुरिअरवाला फोन करतो. आणि अर्धं सॅम्पल नेहमी घरी ठेवा.

होल्डर लागला तर आपल्या उद्यमनगरला तोड नाही. ह्या गावात ओतकाम आणि लेथ ज्यांच्या हातात बसलेत अशी माणसं आहेत, बाहेरनं आठवड्यानं येणारी वस्तू दुपारी देतात. फक्त तोंडी सांगायला जाऊ नका. ‘असं गोल, मधी भोक’ म्हटलं की मिस्त्री चष्म्यावरनं बघतात आणि म्हणतात, ‘साहेब, ड्रॉइंग आणा, भोक किती, टॉलरन्स किती.’ बीमलाईनच्या माणसाकडनं मापाचा कागद मागवा आणि तो जसाच्या तसा त्यांच्यापुढं ठेवा. व्हॅक्युममध्ये जाणार असेल तर पितळ नको म्हणून सांगा, त्यातला जस्त गरम झाला की बाहेर पडतो.

एकच सॅम्पल दोन्हीकडं

दोन लॅब काम करणार असतील तर पहिलं काम विज्ञानाचं नाही, तुलनेचं. ह्यासाठी जुनी गोष्ट सांगतो. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी वेधशाळा होती, १८४० च्या दशकापासूनची. मुंबईत विजेवर ट्राम येणार असं ठरलं, विजेच्या करंटनं मोजमाप बिघडणार, म्हणून वेधशाळा अलिबागला न्यायचं ठरलं. पण एका रात्रीत इकडचं बंद आणि तिकडचं चालू असं केलं नाही, १९०४ ते १९०६ दोन्हीकडं एकाच वेळी मोजत राहिले आणि मगच कुलाबा थांबवलं. त्यामुळं आज दोन्ही जागांचा डेटा जोडून एक सलग मालिका म्हणून वापरता येतो. आज अलिबागची ती वेधशाळा आयआयजीच चालवते.

तेव्हा तुमच्या विभागाचं बीईटी (पावडरीचं पृष्ठफळ मोजणारं) मशीन, कोलॅबरेटरचं बीईटी मशीन, दोन्हीवर एकच पावडर, एकाच तापमानाला डीगॅस करून (तापवून आतला वायू आणि ओल काढून), आधी मापा. आकडे जुळले नाहीत तर पेपर लिहिताना भांडण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं, आणि बहुतेक वेळा कारण निघतं ते डीगॅसिंगचं नाहीतर वजनाचं. आपल्या काट्याचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं हेही त्या निमित्तानं बघून होतं.

एका पानाचा करार

हा एमओयू नव्हे. साधा मेल, दोन्हीकडनं ‘ओके’ आलेला. त्यात सॅम्पल कोण करणार, कोण मापणार, ॲनालिसिस कोण करणार, रॉ डेटा कुणाकडं राहणार, पहिलं नाव कुणाचं, करस्पॉन्डिंग कोण, आणि तुमच्या शोधप्रबंधात हा डेटा वापरायला चालेल ना. शेवटचा मुद्दा पोरं विसरतात आणि थिसिस सबमिट करायच्या वेळी धावाधाव होते, कारण तिकडच्या लॅबमधल्या पोरानंही तेच चॅप्टर लिहिलेलं असतं.

ऑथरशिपवर आपल्याकडं बोलायला लाजतात. मोठे सायंटिस्ट आहेत, कसं विचारायचं? असं विचारायचं, ‘सर, पेपरच्या नावांचा क्रम आत्ताच ठरवून ठेवूया का, म्हणजे मला ड्राफ्ट लिहायला सोपं जाईल.’ कुणी रागवत नाही, उलट बरं वाटतं. ज्यानं डोकं लावलं त्याचं नाव, ज्यानं ठरलेल्या फीवर मशीन चालवून दिलं त्याचे आभार, आणि फॅसिलिटीनं आभाराचा मजकूर ठरवून दिलेला असेल तर तो शब्दशः. ‘माझ्या एचओडींचं नाव टाका’ हा प्रकार दोन्हीकडं चालतो आणि दोन्हीकडं वाईटच.

पेटंटचा विचार असेल तर पोस्टर लावायच्याही आधी टेक ट्रान्सफर सेलशी बोला. एकदा जाहीर झालं की नवेपणा गेला.

पैसे आणि कागद

ह्यावर लिहायला लागलो तर वेगळंच पुराण होईल, थोडक्यात. पैसे पीएफएमएस ह्या सरकारी पोर्टलमधनं येतात, खरेदी जेममधनं (सरकारी खरेदीच्या पोर्टलमधनं) बघावी लागते, ३१ मार्चला वर्ष संपतं आणि फेब्रुवारीत कुणीही नवीन खरेदीला सही करायला उत्सुक नसतं. यूसी (पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र) जीएफआर १२-ए फॉर्ममध्ये, ती गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. फायनान्स विभागातल्या ज्या माणसाच्या टेबलावर तुमची फाईल जाते त्याचं नाव, त्याची जेवणाची वेळ आणि त्याला कुठला कागद नेहमी कमी पडतो हे माहिती असलेला पीआय (प्रोजेक्टचा प्रमुख) सुखी असतो. फॉरवर्डिंग लेटर शेवटच्या दिवशी मागू नका, साहेब नेमके त्या दिवशी मीटिंगला मुंबईत असतात.

तिकडं गेल्यावर

अणुऊर्जा खात्याच्या जागा म्हणजे कडक गेट. आधी परवानगी, ओळखपत्राची प्रत, लॅपटॉपचा नंबर, फोन आणि पेनड्राईव्हचे नियम, हे सगळं जायच्या आधी मेलवर विचारून घ्या. इंदूरला इकडनं पुण्याला जाऊन गाडी बदलणं सोयीचं, दिल्लीला आपल्या कोल्हापुरातनं निजामुद्दीनची साप्ताहिक गाडी आहे, पण बीमटाईमच्या आदल्या दिवशी पोचेल असं बघून तिकीट काढा, त्याच दिवशी नाही. काचेची सॅम्पल हातातल्या बॅगेत.

बीम रात्रंदिवस चालतो, शिफ्ट रात्रीची मिळू शकते. दोघं जा. एकानं मशीनपाशी, एकानं लॉगबुकात, प्रत्येक स्कॅनची फाईल, वेळ, सॅम्पलचा नंबर, बीम करंट आणि काही गडबड झाली तर ती. सगळ्यात महत्त्वाचं सॅम्पल पहिलं लावा, शेवटी ठेवलं की नेमका बीम जातो. पहिला स्कॅन झाला की तिथंच अथेना नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून नॉर्मलाईज करून बघा, एज जिथं पाहिजे तिथं आहे का, स्टीलचा भास होतोय का. चूक असेल तर तिथं सुधारता येते, घरी आल्यावर सहा महिने थांबावं लागतं.

तिकडच्या टेक्निकल स्टाफशी नीट बोला, बीमलाईनच्या खोडी सायंटिस्टपेक्षा त्यांना जास्त माहिती असतात. भडंगाचं पाकीट न्यायला काही हरकत नाही, मध्यरात्री तीनला ते कुणीच नको म्हणत नाही. डेटा दोन ठिकाणी कॉपी करूनच बाहेर पडा, आणि निघताना पुढच्या सायकलची प्रपोजलची तारीख विचारून घ्या.

परत आल्यावर आठ दिवसांत साधे, कच्चे प्लॉट त्यांना पाठवा. निकाल मनासारखा आला नसेल तरी पाठवा, विशेषतः तेव्हा. ‘सर, ऑक्सिडेशन स्टेट बदलली नाही, माझा अंदाज चुकीचा निघाला, आता बाँडची लांबी बघतो’ असा मेल आला की समोरच्याला कळतं की हा माणूस प्रामाणिकपणे काम करतोय. उरलेली सॅम्पल परत मागवायची का तिकडंच ठेवायची हेही त्याच मेलमध्ये लिहून टाका, नाहीतर त्यांच्या डेसिकेटरमध्ये तुमच्या नावाची डबी वर्षानुवर्षं पडून राहते.